दोन पालकांपुरती जागा

पदवी वितरण समारंभाच्या पत्रिकेत सर्वांत खाली, बारीक अक्षरांत एक ओळ असते : ‘एका विद्यार्थ्यासोबत फक्त दोन पालकांना प्रवेश.’ प्रमुख पाहुण्यांचं नाव, त्यांची पदं, स्थळ, वेळ, स्वागतोत्सुक मंडळींचा क्रम यांवर समितीत तासन्‌तास चर्चा होते. या ओळीवर कुणी बोलत नाही. सभागृहातल्या खुर्च्या मोजायच्या, त्यातून विद्यार्थ्यांच्या आणि मान्यवरांच्या वजा करायच्या, उरतील त्यांना विद्यार्थिसंख्येनं भागायचं, की ओळ तयार. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते आणि पत्रिकेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मला ही ओळ नुसत्या हिशेबाची वाटत नाही. पदवी मिळवण्याचं कर्म नेमकं कुणी केलं, या प्रश्नाचं उत्तर तिच्यात दडलेलं आहे, आणि ते उत्तर चुकीचं आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी समारंभाविषयी थोडं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेलं हे विद्यापीठ. आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. त्याआधी आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. माझ्या वर्गातल्या बहुतेकांची पदवी पोस्टानं घरी आली. पोस्टमनला चहा दिला, प्रमाणपत्र देवापुढे ठेवलं, मग कपाटात गेलं ते नोकरीच्या मुलाखतीपर्यंत. आता विद्यापीठाचा दीक्षान्त झाला की महाविद्यालयात आपापला समारंभ होतो. मुलांना नाव पुकारून पदवी मिळते, खांद्यावर उपरणं येतं, फोटो निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अशा समारंभांसाठी हातमागाचं कापड वापरायला सुचवलं, ती सूचना मला फार आवडली. ज्या गावाची चादर देशभर अंथरली-पांघरली जाते, त्या गावात पदवीच्या वस्त्रामागे विणकराचा हात दिसलाच पाहिजे.

पत्रिका निवडायला आम्ही प्रेसमध्ये जातो. तिथे नमुन्यांचे जाडजूड अल्बम असतात, सगळे लग्नाचे. तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड, सोनेरी फॉइलची किनार, लेझरनं कापलेली जाळी, मखमली लागणारं लॅमिनेशन. प्रेसवाले काका पानं उलटत विचारतात, “मॅडम, वर गणपती टाकायचा का सरस्वती?” पत्रिकेच्या माथ्याचा हा प्रश्न दर वर्षी येतो. आमच्या वर्गात लिंगायत मुलं आहेत, पद्मशाली आहेत, मराठा, धनगर, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती आहेत. एकाचं दैवत छापलं की दुसऱ्याच्या घरी ती पत्रिका पाहुण्यासारखी जाते. माथा कोरा ठेवावा असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. त्या कोऱ्या जागेचं पुढे काय झालं ते मुलांकडूनच कळलं. आपल्याकडे शुभकार्याची पहिली पत्रिका देवाची असते. कुणी ती सिद्धेश्वराच्या पायरीवर ठेवून आलं, कुणी मार्कंडेय मंदिरात, कुणी बाळ्याच्या खंडोबाला, कुणी शनिवारी एसटीनं तुळजापूर गाठलं. एका मुलानं दर्ग्यात ठेवली. एकीच्या घरी ती बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे होती. कोऱ्या माथ्यावर ज्यानं त्यानं आपलं आराध्य आपल्या हातानं लिहिलं. तेव्हापासून प्रत्येकाला एक पत्रिका जादा द्यायची, हा आमचा शिरस्ता आहे.

देवाला पत्रिका का द्यायची? त्याला तारीख-वार ठाऊक नसतो म्हणून नव्हे. हे कार्य माझ्या एकट्याच्या बळावर झालेलं नाही, याची ती कबुली असते. धर्माचं इतकं नितळ रूप मला दुसरीकडे क्वचित दिसतं. आणि म्हणूनच मला पुढचा प्रश्न छळतो. जो दिसत नाही त्याला आपण पहिली पत्रिका देतो. ज्यांनी डोळ्यांदेखत राबून हे कार्य घडवलं त्यांना ‘दोन’ या आकड्यात बसवतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. शरीरानं, वाणीनं, मनानं माणूस जे काही करतो, बरं किंवा वाईट, त्याला ही पाच लागतात. लगेच पुढे म्हटलं आहे की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी घडलेली नसते, त्याला नीट दिसत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. मी वर्गात हा अर्थ सांगते आणि मग मुलांना विचारते की तुमचं हे शरीर तीन वर्षं कुणाच्या छपराखाली, कुणाच्या भाकरीवर बाकावर येऊन बसलं? करण म्हणजे साधनं. तुमची पुस्तकं, एसटीचा पास, फोनचा रिचार्ज कुणी भरला? चेष्टा म्हणजे नाना तऱ्हेचे व्यापार. तुम्ही अभ्यासाला बसावं म्हणून घरातल्या कोणत्या बाईनं पाणी भरायला पहाटे उठायचं पत्करलं? पाच कारणांत ‘कर्ता’ हे एकच कारण आहे, पाचातलं एक. प्रमाणपत्रावर मात्र तेवढंच छापलेलं असतं. त्याला इलाज नाही, परीक्षा त्यानंच दिली. पण पत्रिका हे प्रमाणपत्र नव्हे. उरलेल्या चार कारणांना जागा देता येईल असा तो एकच कागद आहे.

दोन वर्षांपूर्वी बीएच्या शेवटच्या वर्गातली एक मुलगी पत्रिका न्यायला आली. घर विडी घरकुलात. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. तिनं विचारलं, “मॅडम, अम्मा आणि अव्वा दोघी आल्या तर नाना बाहेर थांबतील, चालेल ना? आणि अक्का?” अव्वा म्हणजे आजी, नाना म्हणजे वडील. अक्का, तिची थोरली बहीण, नववीत शाळेतून निघाली होती, आईसोबत विड्या वळायला. दोघींच्या विड्यांवर धाकटीची फी भरली जायची. पत्रिका एक, माणसं चार. मी म्हटलं, मी घरी येते, मीच बोलावते.

दुपारची वेळ होती. दोन खोल्यांच्या घरात दाराशी उजेडाला धरून तिघी बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि एका बाजूला तंबाखूचा ढीग. पानावर पत्र्याचं माप ठेवायचं, त्याच्या कडेनं कातर फिरवायची, कापलेल्या तुकड्यात चिमूट तंबाखू, एक वळसा, टोक नखानं आत दुमडायचं, दुसऱ्या टोकाला दोरा. बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत. हजार विड्यांवर मजुरी, आणि तपासणीत बाजूला टाकलेल्या विड्यांची मेहनत पाण्यात. अक्काच्या अंगठ्याचं नख कडेनं झिजून गेलं होतं, बोटांची टोकं तपकिरी झाली होती. सुपाच्या मागच्या भिंतीला टेकून धाकटीची पुस्तकं रचलेली होती. त्यांना तंबाखूचा वास लागला आहे, असं ती मला एकदा म्हणाली होती, ते तिथं कळलं.

मी पत्रिका पुढे केली. आईनं हात पदराला पुसून ती घेतली, उलटसुलट पाहिली, आणि मुलीकडे देत मला म्हणाली, “मी कशाला, मॅडम? तिथं माझं काय काम?”

हे वाक्य मी पत्रिका देताना अनेक घरांत ऐकलं आहे, मराठीत, तेलुगूत, कानडीत, दखनीत. कुणी लाजून म्हणतं, कुणी चांगली साडी नाही म्हणून, कुणी एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून. एका आईनं तर सांगितलं की मी विधवा आहे, मंगल प्रसंगात पुढे कशी बसू. कारणं निराळी, पण सगळ्यांच्या तळाशी एकच समज : हे काम लेकराचं आहे, माझा त्यात हात नाही. गीता ज्याला सावध करते तो माणूस स्वतःला एकट्यालाच कर्ता समजणारा आहे. इथे उलट आहे. हजारांच्या हिशेबानं विड्या वळून जिनं एक पदवी उभी केली, ती स्वतःला पाचांतल्या कुठल्याच कारणात धरत नाही.

आपल्याकडे हे पाहून लगेच हात जोडले जातात. माउलीचा केवढा निष्काम भाव, म्हणतात. स्नेहसंमेलनात आईवरच्या कविता होतात, भाषणात आईच्या त्यागाचा उल्लेख आला की टाळ्या पडतात. माझा इथेच विरोध आहे. फळ सोडायचं तर ते आधी हातात यावं लागतं. हे माझं आहे, यात माझा वाटा आहे, आणि तरीही मी त्याला चिकटून राहत नाही, असं ज्याला म्हणता येतं त्याचा त्याग खरा. जिच्यापुढे फळ कधी ठेवलंच नाही, तिनं ते सोडलं असं आपण कोणत्या तोंडानं म्हणतो? अठराव्या अध्यायातच त्यागाचे तीन प्रकार केलेले आहेत. कर्म मोहापोटी सोडणं तामस, कष्टाच्या भीतीनं सोडणं राजस. कर्तव्य म्हणून करत राहून आसक्ती आणि फळ सोडणं ते सात्त्विक. सोडलेली प्रत्येक गोष्ट पुण्याची नसते, हे गीतेनं स्वच्छ सांगितलं आहे. आईच्या न मागण्याला आपण सात्त्विक त्याग म्हणून मोकळे होतो, कारण त्यात आपली सोय आहे. तिला खुर्ची द्यावी लागत नाही.

म्हणून मला निमंत्रण हे शिष्टाचारापेक्षा फार मोठं कृत्य वाटतं. पत्रिका हातात ठेवणं म्हणजे फळाचा वाटा हातात ठेवणं. मग ती यायची तर येईल, नाही तर नाही येणार. पण ‘नाही’ म्हणायचा अधिकार तेव्हा तिचा असेल. त्या दुपारी मी त्या बाईंना एवढंच म्हटलं की तुमचं काम झालेलं आहे, ते बघायला या. त्या काही बोलल्या नाहीत. अक्का हसली आणि तिनं पत्रिका घेऊन वाचायला सुरुवात केली. नववीपर्यंतचं तिचं मराठी चांगलं होतं.

या गावाला हे शिकवायची खरं तर गरज नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते. त्यांच्या अंगणात रोज झाडलोट करून सडा-रांगोळी करणारी एक कुंभारकन्या होती. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला संमती दिली. त्या विवाहाच्या अक्षता आजही दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यापाशी पडतात. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, उंच नंदीध्वज, आणि मुहूर्ताच्या क्षणी ज्याच्या मुठीत जे तांदूळ असतील ते उधळले जातात. माणसं गच्चीवर उभी असतात, तलावाच्या काठाला असतात, रस्त्यावर असतात. जो जिथे उभा आहे तिथून अक्षता टाकतो आणि तो वऱ्हाडी ठरतो. त्या दिवशी पत्रिकेची वाट बघत कुणी घरी बसत नाही. अंगण झाडणाऱ्या एका मुलीच्या नावानं सगळं शहर गोळा होतं, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. सिद्धरामेश्वर ज्यांच्यातले, त्या शरणांच्या परंपरेत श्रमाला कायक म्हटलं आणि त्यातून आलेलं वाटून देण्याला दासोह. दासोहात देणारा सेवक असतो, यजमानपणाचा तोरा त्यात नाही. पत्रिका देणाऱ्या विद्यार्थ्यानं आपण आईवडिलांना मान देतो आहोत, असं मनात आणू नये. जे त्यांचं आहे ते तो पोचवतो आहे.

पदवीच्या दिवशी समोर कोण बसलं आहे यानं केवढा फरक पडतो, याचं मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशींना वैद्यकीची पदवी मिळाली. तेव्हा त्यांना एकवीस पुरी व्हायला काही दिवस बाकी होते. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना बोलावलं होतं. रमाबाई काही आनंदीबाईंच्या पालक नव्हत्या, दूरचं नातं होतं इतकंच. आमच्या पत्रिकेतल्या शेवटच्या ओळीनं त्यांना दारातच अडवलं असतं. त्या निमंत्रणावरून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना बॉडलीबाईंची. तिथं मिळालेल्या पैशांतून आणि पाठबळातून मुंबईत शारदा सदन उघडलं ते ११ मार्च १८८९ ला, पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी. आनंदीबाई तोवर गेलेल्या होत्या. निमंत्रण एका बाईच्या पदवीचं होतं; त्यातून कितीतरी विधवांना शाळा मिळाली.

त्याच समारंभाला आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशीही होते, आणि माझा खरा अडलेला प्रश्न त्यांच्यापाशी सुरू होतो. बायकोनं शिकावं म्हणून जगाशी भांडणारा हा माणूस, आणि शिकत नाही म्हणून तिला मारणाराही हाच. आनंदीबाईंच्या पत्रांतच त्या माराची नोंद आहे. पाच कारणांत त्यांना कुठे बसवायचं?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, “मॅडम, बाबांना पत्रिका दिलीच पाहिजे का?” बारावीनंतर वडिलांनी तिचं नाव काढून लग्न ठरवलं होतं. आत्यानं भांडून ते मोडलं, तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शिकवलं. आता पदवीच्या दिवशी पहिल्या रांगेत बसायला वडील तयार होते. परंपरेत याचं एक ठरलेलं उत्तर आहे. तैत्तिरीय संहितेपासून माणूस ऋणं घेऊनच जन्मतो असं सांगितलं जातं : ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणानं त्यात माणसांचंही ऋण घातलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पण जन्मानंच डोक्यावर आलेल्या ऋणाला नाकारता येत नाही, आणि कुणाचं किती हे आपण ठरवायचं नाही, असं एकदा मानलं की ऋणको कायमचा ताब्यात राहतो. या देशात किती पिढ्यांना असं ऋण सांगून राबवून घेतलं आहे. मुलींना तर अजूनही सांगतात. त्यामुळे त्या मुलीला पितृऋणाचा दाखला द्यायला माझी जीभ रेटली नाही.

मला डॉ. आंबेडकरांच्या घरातली हकिकत जास्त जवळची वाटते. पुस्तकांसाठी पैसे नसले की सुभेदार रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण टाकून भीमरावांना पुस्तकं आणत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा भरली, कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. केळुस्कर नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते. बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची त्यांनी आपुलकीनं चौकशी केली, एवढीच ओळख. त्या भेटीचा पुढचा प्रवास सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मंजुळा आणि तुळसा ही बहिणींची नावं मात्र आवर्जून घ्यावी लागतात. रामजी, दोन बहिणी आणि केळुस्कर, या चौघांचा त्या विद्येत वाटा आहे, आणि तो जन्मानं ठरलेला नाही. ज्यानं त्यानं केलेल्या कृतीनं ठरलेला आहे. रामजी वडील होते म्हणून मोठे नव्हेत. वडील तर अनेक असतात.

माझ्यापुरतं उत्तर मला इथे मिळालं. ऋणाची भाषा जन्मापाशी थांबते. कारणांची भाषा कृती विचारते. तू शिकावीस म्हणून कुणी काय केलं? केलं असेल तर तो कारण आहे, मग नात्यानं कुणीही असो. अडवलं असेल तर तो अडसर आहे, आणि अडसराला कारणात धरायची सक्ती गीतेनं केलेली नाही. गोपाळरावांसारखा दोन्ही असेल तर? तर ज्याच्या अंगावर वळ आहेत त्यानंच ठरवावं. बाहेरच्यानं, शिक्षकानं तर मुळीच नाही, क्षमेचा आग्रह धरू नये. तैत्तिरीय उपनिषदात विद्या पुरी करून निघालेल्या शिष्याला गुरूनं केलेला उपदेश आहे. दीक्षान्त भाषणांत त्याचा उल्लेख नेहमी होतो. सत्य, धर्म, स्वाध्याय, आईवडील, गुरू, अतिथी, सगळं त्यात येतं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कमी सांगितली जाते : आमचं जे आचरण चांगलं असेल त्याचंच अनुकरण कर, बाकीच्याचं नको, असं गुरू स्वतःविषयी म्हणतात. इतकी मोकळीक खुद्द गुरू देत असतील तर ती आईबापांच्या बाबतीतही द्यायला हवी. मी त्या मुलीला कोऱ्या पत्रिका दिल्या आणि नावं तुझी तू लिही म्हटलं. एक आत्याच्या नावाची निघाली. दुसरी आमच्या ग्रंथालयातल्या मावशींच्या. त्या तिला संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळेपर्यंत बसू देत, आणि स्वतः थांबत. मावशींना पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत अशी पत्रिका पहिल्यांदाच आली. वडिलांचं काय केलं हे मी विचारलं नाही.

यंदाची पत्रिका या सगळ्यातून बदलली आहे. पूर्वी मजकूर असायचा महाविद्यालयाच्या नावानं, ‘आपणांस सस्नेह निमंत्रण’, खाली स्वागतोत्सुक म्हणून अध्यक्ष, सचिव, प्राचार्य. आता आतल्या डाव्या पानावर चार रिकाम्या ओळी आहेत. वर लिहिलंय : ‘माझ्या शिक्षणात ज्यांचा वाटा आहे ते’. विद्यार्थ्यानं नावं स्वतःच्या हातानं, आपल्या भाषेत, आपल्या लिपीत लिहायची आणि खाली सही करायची. निमंत्रक तो. महाविद्यालय फक्त स्थळ आणि वेळ सांगतं. चकचकीत लॅमिनेशनवर शाई धरत नाही म्हणून साधा, किंचित खरबरीत कागद घेतला. तो स्वस्तही पडला. प्रेसवाल्या काकांनी चार प्रकारचे तुकडे आणून बॉलपेननं, शाईपेननं लिहून दाखवलं, मगच आम्ही पसंत केला. पीडीएफ मोबाइलवर पाठवून काम भागेल असं तरुण सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. पीडीएफ पाठवणारच आहोत, दुबईत कामाला असलेल्या भावाला तीच मिळणार. पण जिला मोबाइल वाचता येत नाही तिच्या हातात ठेवायला काहीतरी असलं पाहिजे, यावर मी अडून बसले.

‘दोन पालक’ ही ओळ काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. विरोध करणारे सहकारी दुष्ट नव्हते. गर्दीत म्हातारी माणसं पडली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. चारांची मर्यादा ठेवावी लागली. चार म्हणजेही आकडाच. पाचवा, सहावा कुणी असेलच, आणि त्याच्यावर अन्याय होईल हे मला मान्य आहे. सभागृहाच्या भिंती मागे सरकत नाहीत. म्हणून समारंभ दोन सत्रांत घ्यायचं ठरलं : सकाळी विज्ञान आणि वाणिज्य, दुपारी चारला कला. मान्यवरांच्या सोफ्यांची रांग एका बाजूला सरकवून पुढच्या मधल्या खुर्च्या घरच्यांसाठी राखल्या आहेत. नाव पुकारताना विद्यार्थ्यासोबत पत्रिकेवरचं पहिलं नावही पुकारायचं, असा माझा प्रस्ताव होता. त्यानं वेळ दुप्पट होतो, म्हणून तो अजून मंजूर झालेला नाही. सोमवारी पुन्हा बैठक आहे. कला शाखेपुरतं तरी करून बघू, असं मी लिहून दिलं आहे, आणि नावांचा उच्चार चुकू नये म्हणून तेलुगू, कानडी आणि उर्दू येणारी तीन मुलं निवेदनाला घ्यावीत, हेही त्यात लिहिलं आहे.